घोंगडी आटली त्याची गोष्ट

आमच्या उमेळ्यातल्या बोअरचं पाणी मचूळ. खाडी आणि मिठागरं इतकी जवळ असताना दुसरं काय होणार? साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. म्हणून कपडे भिजवताना धुण्याचा सोडा टाकायची सवयच झालेली. सुती कपड्यांना तो चालतो, पाणीही जरा मऊ होतं.

माहेराहून, माणदेशातून, काळी घोंगडी आली, तेव्हाही मी तेच केलं. कढत पाणी, दोन मुठी सोडा. पाणी गढूळ, चिकट झालं. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तीच सुटत होती. मला वाटला मळ. मग आणखी मूठभर सोडा आणि वर ब्रश! वाळली तेव्हा हातभर आखूड, पुठ्ठ्यासारखी ताठ. कोपरा ओढला तर धागा तुटून हातात आला.

लोकर म्हणजे केस. दोन्ही केराटिनचे, आणि केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. सोडा हे अल्क, आणि अल्क ते बंध तोडतं. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावात तर लोकर काही मिनिटांत विरघळून जाते. सूत तसंच राहतं. सौम्य आम्ल मात्र लोकरीला मानवतं. पीएच ५ च्या आसपास ती सगळ्यात स्थिर असते, आणि कारखान्यात तिचे बरेचसे रंग आम्लातच चढवतात. सुताचं नेमकं उलटं: तीव्र आम्ल त्याला खातं. आखूड होण्यामागे आणखी एक कारण. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत.

म्हणून सोडा नको, ब्लीच तर अजिबात नको. बोअरऐवजी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, तेही गारच. रिठ्याच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. शंका असेल तर धुण्याच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. लाल झाली, तर त्यात लोकर बुडवू नका. पिवळी राहिली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. थोडं अल्क हळदीला कळत नाही.

ती घोंगडी आता ओटीवर पायपुसणं म्हणून पडलेली आहे.