नोटिशीतलं एक वाक्य

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५



सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. आजचा श्लोक मधला, वाङ्मय तपाचा. वाणीचं तप म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? गप्प बसणं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण श्लोक नीट बघा, त्यात मौन नाहीच आहे. मौन येतं पुढच्या, सोळाव्या श्लोकात, आणि तेही मनाच्या तपात. वाणीचं तप हे बोलण्याचं तप आहे. कसं बोलायचं, तर समोरच्याला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. शंकराचार्य भाष्यात सांगतात की ही लक्षणं सुटी सुटी चालत नाहीत, सगळी एकत्र हवीत. नुसतं खरं बोललं आणि समोरच्याला जाळून टाकलं, तर ते तप नाही. नुसतं गोड बोललं आणि ते खोटं असलं, तर तेही नाही.

वाचायला सोपं आहे. मी हा श्लोक खऱ्या अर्थाने वाचला तो एका गॅरेजवाल्याला नुकसानभरपाईची नोटीस लिहिताना.

झालं असं. बाबांची गाडी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे घरात तिचे लाड जास्त. शहरातल्या एका गॅरेजमध्ये मी ऑइल आणि फिल्टर बदलून आणलं. बिल ३,२०० रुपये. चौथ्या दिवशी आई-बाबांना घेऊन नृसिंहवाडीला निघालो. संध्याकाळची पालखी गाठायची होती आणि घरातून निघायलाच उशीर झालेला. हातकणंगले सोडलं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला.

इथे थोडं थांबतो, कारण गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना हे माहीत नसतं. तो दिवा 'तेल थोडं कमी झालंय, सवडीने बघा' असं सांगत नाही. इंजिनात तेलाचा दाब उरलेला नाही, असं तो सांगतो. क्रँकशाफ्ट आणि बेरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्याच्यावरच सगळं फिरत असतं. दाब गेला की धातूवर धातू घासतो. दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, एवढंच.

मी काय केलं? "पुढच्या पंपावर बघू," म्हणालो. आई मागून म्हणाली, "अरे, लाल दिसतंय काहीतरी." मी म्हणालो, "सेन्सर असेल." साधारण दीड किलोमीटर गेलो असेन. मग खटखट आवाज सुरू झाला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. मागे रस्त्यावर तेलाची रेघ उमटलेली. पालखी राहिली बाजूला, आम्ही टोइंगवाल्याची वाट बघत उसाच्या फडाकडेला उभे. बाबा काहीच बोलले नाहीत. ते फार लागलं.

गाडी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. ऑइल इंजिनं बनवणाऱ्या गावात इंजिन उघडून बघणारी जाणती माणसं अजून आहेत, हे आपलं भाग्य. त्यांनी आधी फिल्टर खोलला आणि मला हाक मारली. फिल्टरच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती काढून, जागा पुसून मग नवा फिल्टर लावायचा असतो. इथे जुन्या रिंगेवर नवी रिंग चढवलेली. चार दिवस ती जोडी टिकली आणि हायवेवर दाब वाढल्यावर सरकली. तेल बाहेर फेकलं गेलं. मिस्त्रींनी दोन्ही रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या, एक टवटवीत आणि एक चपटी, कडक झालेली. मग म्हणाले, "दिवा लागल्या लागल्या बंद केली असती, तर कदाचित बेरिंगं वाचली असती."

क्रँक ग्राइंडिंग, बेरिंगचा सेट, ऑइल पंप, मजुरी धरून खर्च ४८,६००. टोइंगचे ३,५०० वेगळे.

त्या रात्री एक वाजता मी गॅरेजबद्दल इंटरनेटवर टाकायला एक परीक्षण लिहिलं. त्यात 'चोर' होतं, 'फसवणूक' होतं आणि 'कोल्हापुरातलं सगळ्यात भिकार गॅरेज' असंही होतं. आयुष्यात मी गॅरेजं पाहिलीत दोन. पाठवायच्या आधी झोप लागली, ही गुरुकृपाच म्हणायची. सकाळी नेमाप्रमाणे पोथी उघडली आणि समोर हा श्लोक आला. 'चोर' हा शब्द खरा होता का? माझं त्याने काहीच चोरलेलं नव्हतं. त्याच्या पोराकडून हलगर्जी झाली होती. हलगर्जी आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणं म्हणजेच सत्य. मजकूर पुसला.

मग आई म्हणाली, "जाऊ दे रे, देव बघून घेईल. संतांनी असं कधी भांडलंय का?" तिने तुकोबांचं उदाहरण दिलं. सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, ते. मी दिवसभर त्याच्यावरच विचार करत होतो. आपण ती गोष्ट सांगताना तिचा अर्धा भाग गाळतो. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी खतांच्या वाटण्या केल्या. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाटणीची तेवढी डोहात सोडली. भावाचं येणं त्यांनी बुडवलं नाही. ते माफ करायचा अधिकार त्यांचा नव्हता.

ही गाडी माझी नाही. पैसे बाबांचे. मी उदार होऊन "सोडून दिलं" म्हणालो, तर दुसऱ्याच्या वाटणीची खतं नदीत टाकल्यासारखं होईल. माझा मनस्ताप मात्र माझा. तो मी सोडू शकतो. आणि तो दीड किलोमीटर? तोही माझाच. पण तो माफ करण्यातला नव्हे, कबूल करण्यातला.

खरी परीक्षा इथून सुरू झाली.

माझी एक मैत्रीण वकील आहे. तिने कायदा नीट समजावला, तो तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे देऊन घेतलेल्या सेवेत हलगर्जीमुळे नुकसान झालं, तर ती 'सेवेतील त्रुटी' ठरते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आधी नोटीस देण्याची सक्ती नसली तरी द्यावी, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरावा. जुनं बिल, रस्त्यावरचे फोटो, सुटे भाग, उघडणाऱ्या मिस्त्रीचं लेखी मत. जमलं तर इंजिन उघडायच्या आधी पहिल्या गॅरेजवाल्यालाही बोलवावं, म्हणजे 'तुम्हीच नंतर काहीतरी केलं' हा वाद राहत नाही. मी बोलावलं नव्हतं. ती माझी दुसरी चूक.

आपल्याकडे ही वाट कोणीतरी पाडलेली आहे, बरं का. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा असा कायदाच नव्हता. पहिला कायदा आला १९८६ साली. लोक त्यांना 'ग्राहकतीर्थ' म्हणत. हक्क मागण्याच्या कामाला तीर्थ हा शब्द लागावा, हे मला फार आवडतं.

तर मैत्रिणीने मसुदा केला. मनस्तापाचे एक लाख धरले. "मागायला काय जातंय, आयोग कापेलच," म्हणाली. आणि लाल दिव्याचं वाक्य तिने गाळलं. "खोटं लिही असं मी म्हणत नाही. न विचारलेलं सांगू नकोस, एवढंच. तू नंतर गाडी चालवलीस म्हणजे नुकसान वाढवलंस, ते तुझी भरपाई कापणार."

तिचं चुकत नव्हतं, तिच्या कामाचा तो भागच आहे. पण आयोगापुढे सगळं शपथपत्रावर चालतं, आणि मसुदा वाचताना मला मिस्त्रींचं वाक्य ऐकू येत होतं. चार दिवस तो तसाच पडून होता. खरं सांगू? त्या चार दिवसांत मी कारणंही शोधली. दीड किलोमीटर कसला, एकच असेल. दिवा आधी नीट दिसलाच नसेल, ऊन होतं. मन स्वतःसाठी किती चांगली वकिली करतं!

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकावर परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण लोखंडाचं आकारमान, वजन काही मोडत नाही. बोलणं तसं असावं. मला वाटलं, माझी नोटीस त्या गॅरेजवाल्याचं वजन कमी करणारी आहे आणि माझं वाढवणारी. म्हणजे दोन्हीकडे खोट.

शेवटी मनस्तापाचा लाख काढला आणि एक वाक्य घातलं: 'तेलाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा लागल्यानंतर मी गाडी अंदाजे दीड किलोमीटर चालवली.' बाकी आकडे जसेच्या तसे, सोबत बिलं आणि दोन रिंगांचा फोटो. स्पीड पोस्टाने पाठवली. मैत्रीण म्हणाली, "तुझं तूच बघ आता."

आठ दिवसांनी गॅरेजमालकांचा फोन आला, आवाज चढलेला. "दिवा लागल्यावर गाडी दामटलासा कशाला वो?" मी म्हणालो, "चुकलंच माझं. नोटिशीत लिहिलंय मी ते." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "हां, वाचलंय. म्हणून तर फोन केला. या उद्या."

गेलो. फोटो बघितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. विशीतल्या एका पोराला हाक मारली. तो आला, फोटोकडे बघितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. मालक त्याला बोलायला लागले, तेही माझ्यासमोर. मला एकदम जाणवलं की माझ्या मागणीचा सगळ्यात जड भाग या पोराच्या खांद्यावर पडणार आहे. श्लोकातलं 'हित' फक्त नोटीस ज्याच्या नावाने जाते त्याच्यापुरतं नसतं. "याच्या पगारातून कापू नका," मी म्हणालो. मालक म्हणाले, "ते माझं मी बघतो." त्यांनी कापले की नाही, मला माहीत नाही. अजून ते मनात आहे.

ठरलं असं: इंजिनाच्या खर्चातले निम्मे, २४,३००, त्यांचे. टोइंग आणि ऑइल बदलीचं बिल पूर्ण. एकूण ३१,०००, दोन हप्त्यांत. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पहिले १६,००० त्याच दिवशी मिळाले, उरलेले १५,००० पुढच्या महिन्यात, दोन दिवस उशिरा.

राहिलेले २४,३०० मी माझ्या पगारातून बाबांना दिले. ते घेईनात. "तू काय मुद्दाम केलंस का," म्हणाले. मी म्हणालो, "त्या पोराने तरी कुठे मुद्दाम केलं होतं?" मग घेतले.

वाक्य गाळलं असतं तर जास्त मिळाले असते का? कदाचित. मैत्रीण अजून तेच म्हणते. वाक्य घातलं म्हणून लवकर मिटलं, असंही मी तुम्हाला ठामपणे सांगणार नाही. कोणी तरी वाचून खरेपणाचा फायदा मोजायला बसेल, आणि ते मला नको आहे.

गेल्या गुरुवारी आम्ही तिघं वाडीला जाऊन आलो. पालखी मिळाली. येताना आईने दोनदा वाकून डॅशबोर्ड बघितला.

उद्या श्लोक १६, मनाचं तप. मौन तिथे आहे.

राम कृष्ण हरी.