नखांची बुरशी : लागण, प्रसार आणि प्रतिबंध

गारगोटी परिसरात भाताच्या रोपलावणीची घाई सुरू झाली की पाय दिवसदिवस चिखलात राहतात. लावण उरकते, भात पोटरीत येते, पण अनेकांच्या बोटांतील चिखल्या आणि अंगठ्याचे पिवळे नख तसेच राहते. "चिखलाने नख कुजले" म्हणून आपण ते सोडून देतो. वास्तविक नख खराब करते ती बहुधा बुरशी. चिखल तिला वाट करून देतो.

लागण कशी होते?

पिकावर रोग येण्यास रोगाचे बीजाणू, बळी पडणारे पीक व पोषक हवामान यांचा मेळ लागतो. नखाचेही तसेच आहे. ट्रायकोफायटॉन गटातील बुरशी केराटिनवर जगते. कातडीचा वरचा थर, केस आणि नखे याच द्रव्याची बनलेली असतात. त्यामुळे भातावरचा करपा माणसाला होत नाही, ही बुरशी मात्र होते. सगळ्याच चिखल्या बुरशीच्या नसतात, परंतु ओलीने मऊ पडलेल्या बेचक्यात ती सहज रुजते. तेथे खाज सुटते, कातडी पांढरी होऊन सोलते. पुढे ती नखाच्या टोकाखाली शिरते. नख पिवळे, जाड व ठिसूळ होते. ठेच लागलेले किंवा बुटात दबलेले नख लवकर बळी पडते.

प्रसार कसा होतो?

सोललेल्या कातडीत व नखाच्या चुऱ्यात बीजाणू कित्येक महिने टिकतात. न्हाणीघराची ओली फरशी, सर्वांचा एकच टॉवेल, पैऱ्याच्या माणसांनी आलटूनपालटून घातलेले गमबूट आणि घरातील एकच नेलकटर यांतून ते दुसऱ्याकडे जातात. शेणघाण, धुणीभांडी यांमुळे भगिनींचे हात सतत ओले राहतात. त्यांच्या नखाच्या कडेला सूज येऊन तेथे यीस्ट जातीची बुरशी वाढू शकते.

प्रतिबंधक उपाय

१. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.
२. टॉवेल, चप्पल, गमबूट व नेलकटर ज्याचे त्याने वापरावे.
३. गमबूट आतून पूर्ण वाळवावेत; ओले मोजे पुन्हा घालू नयेत.
४. नखे सरळ व आखूड कापावीत. रोगट नखाचे नेलकटर चांगल्या नखाला लावू नये.
५. चिखल्यांवर वेळीच उपचार घ्यावेत. नख वाचविण्याचा हाच सोपा मार्ग आहे.

उपचार

बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते. मार लागल्याने किंवा सोरायसिसनेही नख तसेच दिसते. म्हणून नखाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच औषध सुरू करणे योग्य. टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी साधारण ६ आठवडे व पायाच्या नखांसाठी १२ आठवडे द्याव्या लागतात. यकृताचा आजार असणाऱ्यांना त्या अपायकारक ठरू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण बुरशी पसरते. पिकावरचे बुरशीनाशक नखाला कदापि लावू नये. ते माणसासाठी नाही; त्याने कातडी भाजू शकते व विषबाधेचाही धोका असतो.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जाड नखाने झालेली जखम कळत नाही व ती चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला जेमतेम दीड मि.मी. वाढते. ते पूर्ण नवे येण्यास १२ ते १८ महिने, म्हणजे जवळजवळ आडसाली उसाइतका काळ लागतो. तेव्हा गोळ्या संपताच नख सुधारले नाही म्हणून निराश होऊ नये. बुडातून निरोगी नख पुढे सरकत आहे ना, एवढे दर महिन्याला पाहावे आणि पुढच्या लावणीत पाय कोरडे ठेवण्याची सवय मोडू नये.