मे महिन्यात आपली मुलं कुठं असतात?

ताईंनो, शाळेला सुट्टी लागते, पण आपल्या मजुरीला सुट्टी नसते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. मग शाळेतली मुलं? थोरली पोरगी घरी धाकट्याला सांभाळते, पोरं विहिरीकडं जातात. तेव्हा जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकटं सांभाळलं गेलं, की थोरली शिकायला मोकळी होते.

आपल्या गटाला हे जमेल:

१. ग्रामपंचायतीशी बोलून अंगणवाडीची खोली किंवा समाजमंदिर मागा.
२. वेळ सकाळी ७ ते १. रोज दोन ताया, पाळीपाळीनं.
३. मैदानी खेळ नऊच्या आत. नंतर सावलीत गोष्टी, वाचन, चित्रं.
४. माठ भरलेला हवा. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (लहान चमचा), आणि दवाखाना.
५. कोण आलं, कोणासोबत गेलं, वहीत लिहा.

एप्रिलच्या बैठकीत हा विषय घ्या. थोरल्या पोरीलाही सुट्टी मिळू द्या.