भरली तर पालखी, रिकामी तर खुळखुळा

प्रश्न : आमच्याकडे टाटा ४०७ आहे, मागे जोडटायर. टोमॅटोचे शंभर क्रेट भरून पिंपळगाव बसवंतला जाताना गाडी पालखीसारखी चालते. तीच गाडी माल उतरवून परतताना अशी आदळते की पाठ भरून येते. वडील म्हणतात, वाळूची पोती टाक. मेस्त्री म्हणतो, एक पाटा काढू. मित्र म्हणतो, शॉकअप बदल. कोणाचे ऐकू? आणि ओझे वाढल्यावर गाडी मऊ कशी होते, हेच मुळात कळत नाही.
— एक वाचक, एकलहरे (जि. नाशिक)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे शेपूट आधी पकडतो, कारण ते हाती आले की वडील, मेस्त्री आणि मित्र या तिघांचाही निकाल आपोआप लागतो.

घरात जुना ताणकाटा पडला असेल तर काढा. त्याला एक किलो कांदे अडकवून हलका झटका द्या. कांदे भराभर वर-खाली थरथरतील. मग चार किलो अडकवून तसाच झटका द्या. आता ते सावकाश, झोके घेतल्यासारखे हलतील. स्प्रिंग तीच, ओझे चौपट, हेलकाव्यांचा वेग मात्र निम्मा. चाराचे वर्गमूळ दोन, म्हणून निम्मा. हे वर्गमूळ ध्यानात ठेवा. पुढे ते आपल्या बऱ्याच आशांवर पाणी फिरवणार आहे.

तुमच्या गाडीचे मागचे पाटे म्हणजे असाच एक दणकट ताणकाटा, फक्त उलटा. शंभर क्रेट, क्रेटमागे वीस किलो, म्हणजे दोन हजार किलो माल. समजा, हा सगळा मागच्या पाट्यांवर आला आणि त्याने हौदा आठ सेंटीमीटर खाली बसला. म्हणजे सेंटीमीटरला अडीचशे किलो. रिकाम्या गाडीचे सहाशे किलो वजन मागच्या पाट्यांवर असते असे धरले, तर त्या वजनाने पाटे जेमतेम अडीच सेंटीमीटर दबलेले असतात. हिशेब केला तर रिकाम्या गाडीचे मागचे अंग सेकंदाला सव्वातीन वेळा उडते आणि भरलेली गाडी सेकंदाला दीड वेळा झुलते. (खरे तर निम्म्या वाटेत हेल्परचा, म्हणजे जड ओझ्यासाठीचा जादा पाटा टेकतो आणि टायरही थोडे दबतात, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) मोटारगाडीचा झुला साधारण सेकंदाला एक ते दीडच्या दरम्यान बसवलेला असतो. म्हणजे टोमॅटो भरलेली तुमची ४०७ झुलण्याच्या बाबतीत मोटारीच्या पंगतीला बसते. पालखी म्हणालात ते खोटे नाही.

आता पाठ का भरून येते ते पाहू. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतले, सेकंदाला चार ते आठ वेळांचे हादरे सर्वांत जास्त जाचतात. त्या वेगाला पोट आणि कणा स्वतःच डोलू लागतात. सव्वातीन हा आकडा त्या हद्दीच्या अगदी वेशीवर आहे. पाटे जाम असतील तर गाडी वेस ओलांडून आतच शिरते. ते कसे, हे पुढे सांगतो.

इथे जोडटायरबद्दलचा एक समज आधी दूर करतो. मागे चार टायर म्हणजे चार गाद्या, मग बसणे मऊच व्हायला हवे, असे पुष्कळांना वाटते. घडते उलटे. दोन टायर शेजारी-शेजारी आले की प्रत्येकावर निम्मेच वजन पडते, म्हणून प्रत्येक निम्माच दबतो. ज्या टायरमध्ये भरल्या गाडीचे ओझे पेलायच्या तयारीने हवा भरली आहे, तो रिकाम्या गाडीखाली दबतच नाही. नुसता दगडासारखा उड्या मारतो. शिवाय चार टायर, चार डिस्का, ड्रम, डिफरन्शिअलचा गोळा आणि हाउसिंग हे सगळे पाट्यांच्या खाली लटकलेले असते. ते तीन-साडेतीनशे किलो धरा. वर सहाशे आणि खाली साडेतीनशे अशी जोडी असली की खालच्याने लाथ मारली तर वरच्याला ती पुरेपूर लागते. वर सव्वीसशे किलो असले की तीच लाथ कुठल्या कुठे जिरते.

पुढे हा त्रास इतका नाही, कारण पुढच्या पाट्यांवर इंजिन आणि केबिन कायमचेच बसलेले. भरल्याने-रिकामे झाल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणून मागून ढुशी बसते आणि केबिन नाकावर झुकते. तुमची पाठ दुखते ती या झुकण्यानेही, नुसत्या उडण्याने नाही.

यात गाडी करणाऱ्याची चूक काढू नका. १९८६ साली पुण्यात ४०७ बाहेर पडली, तेव्हा जपानी भागीदारीतल्या छोट्या मालगाड्या बाजारात उतरलेल्या होत्या आणि चढाओढ होती ती गाडी माल किती पेलते, याची. अमेरिकेत जोडटायरचे मोठे पिकअप लोक घरच्या मोटारीसारखे वापरतात, तिथे त्यांना ‘ड्युअली’ म्हणतात. त्यांच्या मालकांचीही तक्रार हीच. लाखो रुपयांची, कातडी सीटची गाडी, पण मागे ट्रेलर नसला की चहाचा पेला हातात धरवत नाही.

आता तुमचे तीन सल्लागार.

वडिलांचा सल्ला शास्त्राला धरून आहे, फक्त महाग आहे. पन्नास किलोची पाच पोती टाकली तर सहाशेचे साडेआठशे होतात. पण वर्गमूळ आडवे येते. सव्वातीनचा आकडा पावणेतीनच्या फारसा खाली काही उतरत नाही. एवढ्यासाठी अडीचशे किलो वाळू रोज दोन्ही वेळा डिझेल जाळून फिरवायची आणि जाताना तेवढे साडेबारा क्रेट कमी भरायचे? गाडी महिनाभर रिकामीच फिरणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोती मागच्या धुऱ्यावर किंवा किंचित पुढे ठेवा आणि बांधून टाका. फाळक्याला टेकवून ठेवलीत तर टांगा उलार होतो तशी गत होईल : पुढचे अंग हलके पडेल आणि स्टिअरिंग तरंगू लागेल.

मेस्त्रीचा सल्ला मात्र ऐकू नका. आठ पाट्यांतला एक काढला, सगळे सारख्या जाडीचे धरले, तर कडकपणा एक अष्टमांश कमी होतो. पुन्हा तेच वर्गमूळ, आणि सव्वातीनचे होतात फार तर तीन. हा फरक बुडाला कळणारही नाही. पण भरलेल्या गाडीत उरलेल्या सात पाट्यांपैकी प्रत्येकावरचा ताण एक सप्तमांशाने वाढतो. एखाद्या दिवशी ओझरजवळ सेंटर बोल्टपाशी मुख्य पाटा मोडला, की वाचवलेल्या पाठीची किंमत शंभर क्रेट टोमॅटोंनी चुकवावी लागेल. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अनेक मालगाड्यांत चेसिस आणि मागचा धुरा यांना जोडणारा एक छोटा दांडा असतो. हौदा किती बसला आहे हे त्यावरून ओळखून मागच्या चाकांना ब्रेकचा जोर कमी-जास्त दिला जातो. तुमच्या गाडीला तो असेल तर पाटे काढून हौदा खाली आला की त्या यंत्रणेला गाडी भरली आहे असे वाटते आणि रिकाम्या गाडीचे मागचे चाक पावसात चटकन घसरते. पाट्याला हात लावायचाच असेल तर कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या पॅराबोलिक पाट्यांची चौकशी करा. ते संख्येने कमी, टोकांकडे निमुळते आणि मध्ये एकमेकांना न घासणारे असतात.

मित्राचे अर्धे बरोबर आहे. शॉकअप गाडीला मऊ करत नाही. उडालेली गाडी लवकर थांबवतो, एवढेच त्याचे काम. नवा आणि जास्त कडक शॉकअप लावलात तर रिकामी गाडी उलट अधिकच ठोकेल. जुन्याचे तेल गळून तो काळा, ओलसर झाला असेल, रबरी बुश खाल्ले गेले असतील, तर कंपनीच्याच मापाचा जरूर बदला. त्याहून वरचढ काही घेऊ नका.

मग करायचे काय? माझ्या मते तुमचा खरा दोषी पाट्यांच्या मधल्या फटीत बसला आहे. पाटे वाकतात तेव्हा एकमेकांवर सरकतात. गोदाकाठच्या काळ्या मातीचा चिखल त्यात शिरतो, पाणी शिरते, गंज धरतो आणि सात-आठ पाट्यांचा एक लोखंडी ठोकळा होऊन बसतो. भरलेल्या गाडीचा मोठा हेलकावा हा ठोकळा सोडवतो; रिकाम्या गाडीचा छोटा धक्का सोडवू शकत नाही. मग पाटे वाकतच नाहीत. गाडी नुसत्या टायरांवर उडते, आणि हवा भरलेला टायर पाट्यापेक्षाही कडक. म्हणजे सेकंदाला चारच्या पुढचा, पाठीला सर्वांत वाईट असा हादरा.

एक सोपी खूण सांगतो. रिकामी गाडी सपाटीवर उभी करा आणि हौद्याच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा. दोघेतिघे मागे चढा, थोडे हिसके द्या आणि अलगद उतरा. उंची पुन्हा मोजा. मग तिघांनी मिळून हौदा वर उचलून सोडा आणि तिसऱ्यांदा मोजा. हिसके देताना पाटे वाकले आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पाटे सैल आहेत. ते वाकलेच नाहीत किंवा आकड्यांत ठळक फरक राहिला तर ते जाम आहेत.

जाम पाट्यांवर जळके ऑइल ओतायची आपल्याकडे रीत आहे. चार दिवस बरे वाटते. मग त्या तेलाला धूळ चिकटून कानसेसारखा लगदा तयार होतो आणि शॅकलचे रबरी बुश फुगून कामातून जातात. त्यापेक्षा पाटेवाल्याकडे गठ्ठा खोलून घ्या, तारेच्या ब्रशने गंज काढा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, टोकांचे पॅड झिजले असतील तर नवे बसवा आणि यू-बोल्ट सांगितलेल्या जोरानेच आवळा. शॅकलच्या पिनांना ग्रीस घेणारे निपल असतील तर दर सर्व्हिसिंगला तिथे पंप मारायला सांगा. या घर्षणाची एक चांगली बाजूही होती, हेही सांगतो. जुन्या कित्येक मालगाड्यांना मागे शॉकअपच नसत. पाट्यांचे घासणेच हेलकावे आवरत असे. म्हणून पाटे साफ केल्यावर शॉकअप धड नसतील तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. दोन्ही कामे एकदमच उरका.

हवेचे काय? रिकाम्या गाडीला कमी हवा चालते हे खरे आहे आणि त्याने फरकही चांगला पडतो. पण तुम्ही रोज सकाळी भरून जाता. पिंपळगावात हवा सोडायची आणि एकलहऱ्यात पुन्हा भरायची, हे दोन दिवस होते, तिसऱ्या दिवशी विसरते. कमी हवेवर शंभर क्रेट चढले की जोडटायरच्या बगला फुगून एकमेकींना घासतात, तापतात आणि आतला टायर फुटतो. तुम्ही एवढेच करा : सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. बऱ्याच गाड्यांत ती पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा पौंड जास्त निघते, कारण हवावाल्याला ‘टाइट मार’ म्हणायची आपल्याला सवय. तेवढी जादा हवा काढली तरी पाठीला कळेल. आतल्या टायरचीही मोजा, आणि मीटर लावूनच. टॉमीने ठोकून आवाज ऐकणे हे खरबुजाला ठीक आहे.

मधल्या काळात कोणी एअर बॅग सुचवली तर नीट विचारून घ्या. शिवनेरीसारख्या बसमध्ये लोखंडी पाट्यांच्या जागीच हवेचे फुगे असतात, आणि ओझ्याप्रमाणे त्यांतला दाब बदलतो. म्हणून ती भरली काय, रिकामी काय, सारखीच डोलते. बाजारात मिळतात त्या बहुतेक पिशव्या पाट्यांच्या जोडीला बसवायच्या असतात. त्या ओझ्याला आधार देतात. रिकाम्या गाडीला त्या मऊ करणार नाहीत, कारण मूळ पाटा तिथेच आहे.

सीटकडेही एकदा पाहा. दहा वर्षांच्या वापराने फोम पापडासारखा होतो. चांगल्या घनतेचा नवा फोम हा या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त इलाज, आणि लोक तोच शेवटी करतात. रिकामे क्रेट केबिनच्या बाजूला रचून दोरीने आवळा, फाळक्याच्या साखळ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. धक्का तेवढाच राहील, पण खडखडाट गेला की निम्मी चिडचिड जाते.

आता वरची तीन मापे घ्या आणि भरलेल्या गाडीत हौदा किती बसतो तेही मोजून कळवा. हेल्परचा पाटा साधारण कितव्या क्रेटला टेकतो हे पोराला मागे उभे करून बघून ठेवा. तो पन्नासच्या आत टेकत असेल तर मुख्य पाटे बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. मग त्यांना पुन्हा कमान द्यायची की नवे घ्यायचे, ते पुढच्या पत्रात बोलू.