बुद्धिबळ, संगणक आणि घड्याळ

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाची थोरवी सांगताना आपण बहुधा त्याचा वेगच सांगतो. परंतु घड्याळ लावून डाव सुरू झाला की हाती असलेल्या वेळात काय तपासावे आणि केव्हा थांबावे, हाच खरा प्रश्न ठरतो.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हिशेब मांडला होता. एका स्थितीत सुमारे ३० खेळी शक्य धरल्या, तर आपली एक व प्रतिपक्षाची एक एवढ्यातच जवळजवळ १,००० शक्यता होतात. पुरा डाव तपासायचा तर एकावर १२० शून्ये! तेव्हा काटछाट आलीच. अल्फा-बीटा ही पद्धत तेच करते. एक चांगली खेळी हाती आहे. दुसरी तपासताना प्रतिपक्ष आपला वजीर फुकट मारतो असे दिसले, की त्याची बाकीची उत्तरे पाहण्याचे कारण उरत नाही. मात्र चांगली खेळी आधी तपासली गेली, तरच ही बचत भरघोस होते.

आता वेळेचे पाहू. आठ खेळींपर्यंत खोल जायचे असे आधीच ठरवले आणि मध्येच वेळ संपली, तर उत्तम खेळी तपासायचीच राहून गेलेली असू शकते. म्हणून संगणक आधी एक खेळी खोल पाहतो, मग पुन्हा पहिल्यापासून दोन, मग तीन. वेळ संपताच शेवटच्या पुऱ्या फेरीचे उत्तर तयार असते. ही उधळपट्टी वाटेल. पण प्रत्येक फेरी आधीच्या साऱ्या फेऱ्यांहून कितीतरी मोठी असते, आणि आधीच्या फेरीमुळे चांगल्या खेळी अग्रभागी येतात.

२००६ च्या सुमारास ‘गो’ या खेळासाठी माँटे कार्लो वृक्षशोध पुढे आला. तो सगळीकडे सारखा खोल जात नाही. आशादायक फांद्यांवरच अधिक वेळ घालवतो. या घराण्यातील अल्फाझीरोने २०१७ साली अल्फा-बीटावाल्या स्टॉकफिशला १०० डावांत २८ वेळा हरवले. बाकीचे ७२ डाव बरोबरीत सुटले. तो सेकंदाला ८० हजार स्थिती पाहत होता, स्टॉकफिश ७ कोटी! पण दर खेळीला १ मिनिट असा नियम होता. सोप्या जागी वेळ वाचवून अवघड जागी खर्चण्याचे स्टॉकफिशचे कसब त्यात वाया गेले, हा आक्षेप मला रास्त वाटतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सामन्यात प्रत्येकास डावाला ३ तास व खेळीमागे १५ सेकंद मिळाले. १,००० डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ गमावले. निकाल तोच, पण आता विश्वासार्ह.

तरीही तो केवळ शोधपद्धतीचा विजय म्हणवत नाही. दोघांची यंत्रे वेगळ्या जातीची होती आणि स्थिती जोखण्याची रीतही वेगळी. २०२० साली स्टॉकफिशनेही जोखण्यासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारले. शोध मात्र अल्फा-बीटाचाच ठेवला.