ऐकणे व गौरविणे
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४

ज्याचे मत मंडळीच्या शिकवणीविरुद्ध आहे अशा राज्यकर्त्यास ख्रिस्ती विद्यापीठाने बोलवावे काय? अमेरिकेतील नोत्र दाम या रोमन कॅथॉलिक विद्यापीठाने १७ मे २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांस पदवीदान समारंभी भाषणास बोलाविले व सन्मानाची पदवीही दिली. गर्भपाताविषयी त्यांचे मत त्या मंडळीस अमान्य होते, म्हणून तेथील बिशप समारंभास गेले नाहीत. असा बहुमान करू नये, असे अमेरिकेतील बिशपांनी २००४ सालीच सांगितले होते.

येथे ऐकणे व गौरविणे यांतील भेद ओळखावा. अथेनैकरांनी पौलाचे ऐकून घेतले. कित्येकांनी थट्टा केली, कित्येकांनी विश्वास धरिला. मुंबईत १८३१ साली रेव्हरंड जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद केला. प्रतिपक्षास बोलू दिल्याने सत्याची हानी होत नाही. मात्र उत्तर देण्याची मोकळीक हवी. पदवीदानाच्या वेळी ती नसते. तेथे केवळ टाळ्या असतात.

प्रिय बंधूंनो, शाळेच्या बक्षीस समारंभास पुढारी बोलाविण्यापूर्वी स्वतःस विचारा : आपणांस त्यांचे म्हणणे ऐकावयाचे आहे, की त्यांच्या वजनाचा लाभ हवा आहे? ऐकावयाचे असेल तर प्रश्नांसही वेळ ठेवा. लाभच हवा असेल, तर हार आणू नका.