वेदना, मन आणि सिकलसेल

धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग पसरली आहे. तिच्या पायथ्याच्या शिरपूर, चोपडा, यावल आदी तालुक्यांतील भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती यांत तीव्र कळा उठतात. काही रुग्णांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो व दुखणे कायमचे जडते. खानदेशातील पौषाची थंडी आणि वैशाखाचे ऊन, दोन्ही या रुग्णास बाधतात.

कळ ओसरली की रुग्ण वरकरणी धडधाकट दिसतो. येथेच खरी अडचण आहे. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात अंथरुणास खिळलेली सून कामचुकार ठरते, वरचेवर गैरहजर राहणारा विद्यार्थी आळशी ठरतो. आपले दुखणे खरे आहे हे पटवून देण्याचा भार दुखण्याहून हलका नसतो. पुढची कळ केव्हा येईल या धास्तीने काही जण हिंडणे-फिरणेच सोडतात. मग स्नायू दुर्बळ होतात, झोप उडते आणि वेदना अधिकच बोचते. आईवडिलांना अपराधी वाटते ते वेगळेच. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. यात दोष कोणाचाच नाही.

मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये असे मांडले की, वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील एका दारातून मेंदूकडे जातात. भीती व एकटेपणा हे दार उघडे ठेवतात. धीर, विश्रांती व मन रमणे ते लोटून घेतात. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहे, असा मुळीच नव्हे.

२०२३ मध्ये केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वैद्यकीय सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया घेतल्यास अनेकांच्या कळा कमी होतात. औषधाच्या जोडीला भरपूर पाणी, झेपेल तेवढे चालणे व संथ दीर्घ श्वसन उपयोगी पडते. घरच्यांनी ‘खरेच दुखते का?’ असे न विचारता ‘कोठे दुखते, काय करू?’ असे विचारावे. उदासीनता व निद्रानाश लांबल्यास डॉक्टरांना सांगावे, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. ताप, छातीत दुखणे वा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.